गाढवापाशी तीस तास

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी, मुंग्यांची रांग वाटावी अशा बारीक अक्षरांत दोन वाक्यं होती. पहिलं असं, की पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश हवा असेल तर उमेदवाराने मोठ्या जनावरासोबत किमान तीस तास काम केलेलं असावं. दुसरं असं, की उमेदवार अठरा वर्षांखालील असेल तर त्या तीसही तासांत घरातलं एक जबाबदार माणूस त्याच्यापासून दहा फुटांच्या आत हजर असावं.

ताईने ती वाक्यं मोठ्याने वाचली आणि तिच्या घरच्या जेवणाच्या टेबलाभोवतीच्या सगळ्या माना, कुणी न सांगता, एकाच वेळी मामाकडे वळल्या.

मामाला त्याचं नवल वाटलं नाही. निवृत्त होऊन त्याला दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्या अवधीत त्याला कळून चुकलं होतं, की निवृत्त माणूस ही घरातली रिकामी खुंटी असते. येणारा-जाणारा तिच्यावर काही ना काही टांगून जातो. गॅसवाला येणार आहे, मामा थांबेल. पाण्याची टाकी धुवायची आहे, मामा बघेल. ताई टेलिफोनच्या कचेरीत, मेहुणे बँकेत, मामी शाळेत. उरलं कोण?

“तुला काय, तेवढाच विरंगुळा,” ताई म्हणाली.

“अगं पण मला जनावरांचं फारसं...”

“नुसतं बसायचंय रे! दहा फुटांवर बसायला काय लागतं?”

 भाची मुळातच कमी बोलायची. सतरा वर्षांची पोर, पण एकदा ठरवलं की ठरवलं. जनावरांमध्ये काम करायचं हे तिने ठरवलं होतं. ताईलाही ते मान्य होतं, कारण त्यात ‘डॉक्टर’ हा शब्द होता. ‘आमची मुलगी डॉक्टर होणार’ हे वाक्य ताई जिन्यात सुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची आणि ‘जनावरांची’ हा शब्द मागाहून, खोकल्यासारखा, तोंडावर हात धरून काढायची.

तर मामाकडे काम आलं. आता मामाकडे काम येणं आणि इतर कुणाकडे काम येणं यात फरक आहे. मामा एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होता. बाजारात तो एका टोकाने शिरला की दुसऱ्या टोकापर्यंतचे दुकानदार तागड्या पुसायला लागत. ‘या साहेब, बसा साहेब’ याशिवाय त्याने बाजारात दुसरं काही ऐकलेलं नव्हतं. अशा माणसाने ‘मोठं जनावर’ हे शब्द वाचले की त्याला पहिला प्रश्न काय पडणार? मोठं म्हणजे किती?

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना हा प्रश्न अगदीच फालतू वाटला. “अहो, सिंह गाठा! सरळ प्राणिसंग्रहालयात जा. सिंहासोबत तीस तास म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? शिवाय पेपरात फोटो येतो.”

“सिंहापासून मी दहा फुटांवर बसायचं?”

“त्यात काय? त्यांना वेळेवर खायला मिळतं.”

मामाने महाविद्यालयाची वाट धरली. खिडकी क्रमांक चारमागे एक कारकून बसले होते. चेहरा असा, की आयुष्यात त्यांना कुणी बरोबर भरलेला फॉर्म दाखवलेलाच नसावा.

“मोठं जनावर म्हणजे दीडशे किलोंच्या वर,” कारकून म्हणाले. “आणि जिवंत.”

“जिवंत हे लिहावं लागतं?”

“गेल्या वर्षीपासून लिहितो,” कारकून गंभीरपणे म्हणाले. काय घडलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मामाचीही विचारायची छाती झाली नाही. “प्रत्येक दिवसाचे तास, त्या दिवसाचं जनावराचं वजन, डॉक्टरांची सही, पालकांची सही. वजन दीडशेच्या खाली, तर तो दिवस बाद. मुदत तीस तारखेपर्यंत.”

मामाला हा माणूस मनापासून आवडला. वजनाचा रकाना ठेवणारं खातं म्हणजे त्याच्या लेखी सुसंस्कृत खातं.

जनावर मिळणं मात्र सोपं नव्हतं. घोड्यांच्या तबेल्यात अठरा वर्षांखालच्यांना पाऊल टाकू देत नव्हते. गावाबाहेरच्या गोठ्याच्या मालकाने, ‘गाई लाजतात’ असं कारण सांगून दार लावून घेतलं. शेवटी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी होकार दिला. दवाखान्यात सगळी मांजरं, कुत्री आणि एक चिडका पोपट होता. पण मागच्या आवारात, लाकडाच्या भुशाच्या जाड गादीवर, एक रुग्ण दाखल झालेला होता. गाढव.

एका बेकरीवाल्याने ते पाळलेलं होतं. गाडी ओढायला म्हणून घेतलं, पण ते गाडी ओढायचं नाही. नुसतं दाराशी उभं राहून उरलेले पाव खायचं आणि वेळेवर मिळाले नाहीत तर ओरडून गल्ली डोक्यावर घ्यायचं. पाव खाऊन खाऊन ते फुगलं आणि त्याच्या खुरांच्या आत सूज आली. आता त्याला पथ्यावर ठेवलेलं होतं: सुका पेंढा आणि पाणी.

“याचं नाव काय?” भाचीने विचारलं.

“साहेब,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “काम काही करत नाही आणि खायला उशीर झालेला चालत नाही, म्हणून बेकरीवाल्याने ठेवलंय.”

मामाने आभाळाकडे पाहिलं.

पहिल्याच दिवशी त्या नावाने घोटाळा केला. मामाने फीत काढून भाचीपासून अंतर मोजलं आणि नऊ फूट अकरा इंचांवर स्टूल ठेवून तो पेपर उघडून बसला. एवढ्यात मागून डॉक्टरबाईंचा आवाज आला, “साहेब, तोंड उघडा पाहू.” एकतीस वर्षांच्या सवयीने मामाने मान वर केली आणि तोंड थोडं उघडलंसुद्धा. डॉक्टरबाई औषधाची नळी घेऊन त्याच्या अंगावरून पुढे गेल्या. भाचीने खराट्याचा दांडा दातांत धरून हसू दाबलं. पुढे तर रोजचंच झालं. ‘साहेबाची लीद काढली का?’ ‘साहेब आज जरा बरे दिसतात.’ ‘साहेबाला खाजवा जरा कानामागे.’ मामा प्रत्येक वेळी दचकायचा आणि प्रत्येक वेळी पेपर चेहऱ्यापुढे आणखी थोडा वर घ्यायचा.

बरं, दहा फूट हे अंतर उमेदवारापासून मोजायचं होतं, गाढवापासून नव्हे. भाची खराटा घेऊन डावीकडे गेली की मामाने स्टूल घेऊन डावीकडे जायचं, ती बादली भरायला नळापाशी गेली की मामाने नळापाशी. गाढवाची दोरी लांब होती आणि त्याला मामाबद्दल कुतूहल होतं. तिसऱ्या दिवशी मामा नळापासून स्टूल परत आणत होता, तेवढ्या वेळात गाढवाने पेपर सोडून बरोबर हजेरीचं पान उचललं आणि शांतपणे चघळून गिळलं. त्यावर पहिल्या सहा तासांच्या सह्या होत्या.

खिडकी क्रमांक चारवर मामाने सगळी हकिगत सांगितली.

“पान गहाळ, असं लिहून द्या,” कारकून म्हणाले.

“गहाळ नाही झालं. कुठे आहे ते माहीत आहे.”

“मग परत कसं मिळत नाही?”

“म्हणजे... मिळेल. पण सह्या वाचता येणार नाहीत.”

कारकुनांनी नवा कागद पुढे केला. मामाने सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘सदर पान सदर जनावराने खाल्ले आहे.’ कारकुनांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “सदर जनावरानेच खाल्लं ना? दुसऱ्या जनावराने खाल्लं असेल तर वेगळा नमुना आहे.”

पण मामाला खरी धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. आवारात जमिनीसरशी एक मोठा वजनकाटा होता. रोज सकाळी साहेबाला त्याच्या फळीवर उभं करायचं आणि डॉक्टरबाई आकडा लिहून घ्यायच्या. पहिल्या दिवशी काट्याने एकशे अठ्ठावन्न दाखवले. सगळे खूश. मामाची नजर मात्र काट्याच्या अंगावरच्या शिक्क्याकडे गेली. तपासणीची मुदत सहा वर्षांपूर्वी संपलेली.

तीन दिवस मामा गप्प बसला. हे गप्प बसणं त्याला किती जड गेलं, ते मामीलाच माहीत. त्याला जेवण जाईना. “अहो, काय होतंय?” मामीने विचारलं. “मुदत संपल्येय,” मामा म्हणाला. मामीला भलतीच शंका आली आणि तिने त्याला बळेच रक्तदाब तपासायला पिटाळलं.

काटा खोटा निघाला तर साहेब दीडशेच्या खाली जाईल, भाचीचे तास बाद होतील आणि ताई आपल्याला उभं जाळेल, हे मामाला दिसत होतं. पण चौथ्या दिवशी राहवेना. आपल्या जुन्या कचेरीतून वीस वीस किलोंची पाच प्रमाणित वजनं टॅक्सीत घालून तो दवाखान्यात आला. टॅक्सीवाल्याने वाटेत तीनदा विचारलं, की पेटीत नक्की काय आहे.

शंभर किलोंना काट्याने एकशे तीन दाखवले.

डॉक्टरबाईंनी वाकून आकडा पुन्हा वाचला. “सहा वर्षं,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं मी या आकड्यांवर औषधाचं माप ठरवत्येय. तीन टक्क्यांनी कुणाचा जीव जात नाही, पण... तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही बोललात?”

 मामाने खाली बसून काटा दुरुस्त केला, हातभर ग्रीस माखून घेतलं आणि साहेबाला पुन्हा चढवलं. एकशे बावन्न किलो चारशे ग्रॅम. दीडशेच्या वर!  मागच्या दिवसांचे आकडेही हिशेबाने दुरुस्त केले. सगळे दीडशेच्या वरच निघाले. काटा खरा, तास खरे आणि भाची वाचली. त्या संध्याकाळी मामा दोन वेळचं जेवला.

आता एक साधी गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. साहेब पथ्यावर होता. पथ्यावर असणाऱ्याचं वजन काय होतं? निदान गाढवाचं तरी, कमी होतं.

पाचव्या दिवशी खूरवाल्या बाई आल्या. जनावरांची वाढलेली खुरं साळायचा, म्हणजे तासून आकारात आणायचा, त्यांचा धंदा. पन्नाशी ओलांडलेल्या, कमरेला चामड्याचं जाड आवरण, हातात लांब कानस आणि वाकडी सुरी. त्यांनी कुणाला नमस्कार-चमत्कार केला नाही. आधी साहेब चार पावलं कसा चालतो ते पाहिलं, मग त्याचा पुढचा पाय उचलून स्वतःच्या मांड्यांमध्ये धरला आणि कामाला लागल्या. कानशीखाली खुराची पांढरी भुकटी पडत राहिली. साहेबाने, ज्याने आजवर एकाही माणसाला पायाला हात लावू दिला नव्हता त्याने, डोळे अर्धे मिटून घेतले.

भाची खराटा टाकून तिथे उकिडवी बसली ती दोन तास. इतके दिवस ती नेमून दिलेलं सगळं करत होती. इंजेक्शनं भरत होती, मांजरांचे कान पुसत होती, पण परीक्षेचा अभ्यास करावा तशी. आज तिच्या तोंडाला खळ नव्हता. इथेच का घासायचं? टाच उंच का ठेवायची? आतली सूज बाहेरून कशी कळते? मामाने मोजले, एक्केचाळीस प्रश्न. एवढं तर ती वर्षभरात घरात बोलली नव्हती.

“पाय वाचता आला पाहिजे,” खूरवाल्या बाई एवढंच म्हणाल्या. “भार कुठे टाकतंय ते बघायचं. जनावर तोंडाने सांगत नाही.”

त्यांनी कानस तिच्या हातात दिली. भाचीने चार हात मारले. बाईंनी अंगठा फिरवून पाहिला. “बरं आहे,” म्हणाल्या. भाचीचे कान लाल झाले.

नवव्या दिवशी साहेब एकशे पन्नास किलो तीनशे ग्रॅम भरला आणि दहाव्या दिवशी एकशे एकोणपन्नास किलो आठशे. अठरा तास पदरात होते, बारा उरले होते आणि गाढव दोनशे ग्रॅमनी लहान जनावर झालं होतं.

“दोनशे ग्रॅम!” ताई फोनवर किंचाळली. “तू त्या काट्याला हात लावला नसतास तर आज ही वेळ आली असती का? घरची मुलगी महत्त्वाची की तुझा काटा?”

मामाने फोन ठेवला. संध्याकाळी पोस्टमास्तर जिन्यात भेटले. त्यांना सगळं ठाऊक होतंच. ताईचा आवाज फोनशिवायही पोचला असता. “अहो, यात रडण्यासारखं काय आहे?” ते खाली वाकून कुजबुजले. “प्रश्न पाव किलोचा. उत्तरही पावच.” आणि स्वतःच्या विनोदावर खुसखुसत निघून गेले.

अकराव्या दिवशी मामा छत्री घेऊन निघाला. ऊन लख्ख पडलं होतं. छत्रीच्या आत, कागदी पिशवीत सहा पाव होते.

वाटभर त्याला आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येत होता. आयुष्यभर त्याने लोकांच्या तागड्या उलट्या करून खाली चिकटवलेलं मेण शोधलं. त्यापायी किती दुकानदारांना चार शब्द सुनावले, किती जणांच्या डोळ्यांत पाणी आणलं. आणि आज तोच मामा जनावराच्या पोटात मेण चिकटवायला निघाला होता. पण ताईचा आवाज कानात होता, आणि भाचीचं वर्ष वाया जाणार होतं. एकच दिवस, मामा मनाशी म्हणाला. असं म्हणणारे किती तरी लोक त्याने पकडले होते.

भाची बादली घेऊन नळाकडे वळली तशी मामाने छत्रीतून अर्धा पाव काढून पुढे धरला. साहेबाने तो हातातून अलगद उचलला. मग त्याने मामाकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं आणि छत्रीच ओढून घेतली. मामाने मुठीला धरून ओढलं, साहेबाने टोकाला. काड्या मोडल्याचा आवाज झाला. मामा भुशात बसकण मारून पडला आणि साहेबाने कागदी पिशवीसकट सगळं तोंडात कोंबलं.

“मामा.”

भाची बादली घेऊन उभी होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मामाला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

“अगं, तुझ्यासाठीच... बाराच तास राहिलेत...”

तिने बादली खाली ठेवली, मामाला हाताला धरून उठवलं आणि तसंच साहेबापाशी नेलं. वाकून तिने त्याचा हात गाढवाच्या पुढच्या खुरावर ठेवला. अकरा दिवसांत मामाने त्या जनावराला पहिल्यांदा हात लावला. खूर गरम होतं. भरल्या चहाच्या पेल्यासारखं गरम.

“आत ठणकतं त्याच्या,” भाची म्हणाली. “म्हणून तो सारखा पाय बदलत उभा राहतो. तुला वाटतं तो चुळबुळ करतोय. गेल्या आठवड्यात याहून गरम होतं. आता कुठे निवायला लागलं होतं, मामा.”

 मामाचा हात तिथेच राहिला. वर साहेब कागदाची पिशवी चघळत होता आणि त्याचा श्वास मामाच्या टकलावर येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याने एकशे पन्नास किलो दोनशे ग्रॅम दाखवले. डॉक्टरबाईंनी आनंदाने पेन काढलं. “अरे वा! आजचे तास धरता येतील.”

“धरू नका,” भाची म्हणाली. “काल त्याला कुणीतरी पाव दिलेत.”

“कुणी?”

 भाची पेंढ्याकडे बघत राहिली. आवारातल्या बाकावर दोन मांजरवाल्या बायका आणि त्या चिडक्या पोपटाचा मालक बसले होते. आपण गप्प बसलो तर ही पोर कधीच बोलणार नाही, हे मामाला कळलं.

“मी दिले,” मामा म्हणाला. “सहा.”

मग डॉक्टरबाई जे बोलल्या ते सगळं इथे सांगण्यात अर्थ नाही. आजाऱ्याला चोरून भजी खाऊ घालणाऱ्या नातेवाइकाला जे बोलतात, तेच. फक्त आवाज मोठा होता. पोपटवाल्याने मान हलवून दुजोरा दिला. पोपटाने दोन शब्द उचलले आणि दुपारपर्यंत म्हटले. एकतीस वर्षं ज्याच्यापुढे बाजार उभा राहत होता, तो मामा भुशात मान खाली घालून उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, “चुकलं माझं.” हे वाक्य त्याने याआधी कुणाला म्हटल्याचं मामीलाही आठवत नाही.

तीस तारखेला दोघं खिडकी क्रमांक चारवर गेले. कारकुनांनी अठरा तासांची बेरीज तीनदा केली.

“बारा कमी आहेत.”

“हो,” भाची म्हणाली.

“जनावर बदलायचं होतं.”

“मिळालं नाही.”

कारकुनांनी चष्मा काढला. “वजन एवढं खरं लिहिलेलं पान मी इथे आजवर बघितलं नाही,” ते म्हणाले. “बाकीच्यांची जनावरं तीस दिवस ग्रॅमभरही हलत नाहीत.” मामाला वाटलं, आता हा शिक्का मारणार. कारकुनांनी शिक्का उचलला आणि मारला. त्यावर ‘नामंजूर’ असं होतं. “पुढच्या वर्षी या,” ते हळहळून म्हणाले.

बाहेर आल्यावर मामाने सांत्वनाची जुळवाजुळव सुरू केली. पण भाची घराच्या नाही, दवाखान्याच्या रस्त्याला लागली होती. “मामा, आज खूरवाल्या बाई येणार आहेत. त्यांच्याकडे दोन वर्षांचं शिक्षण असतं. वर्षाला दोघांनाच घेतात. सोळा वर्षं पूर्ण हवीत आणि पाठ मजबूत हवी. त्यांनी मला गेल्या आठवड्यात विचारलंय.”

“मग तू सांगितलं का नाहीस?”

“तू एवढी धडपड करत होतास. बरं नव्हतं दिसलं.”

मामा रस्त्यातच थांबला. त्या धडपडीतलं त्याला एकेक आठवलं: टॅक्सी, ग्रीस, छत्री. “पण तुला डॉक्टर व्हायचं होतं ना?”

“मला जनावरांमध्ये काम करायचं होतं. डॉक्टर आई म्हणायची.”

ताईकडे रात्रीच्या जेवणाला हे जाहीर झालं आणि ताईचा हात ताटातच थबकला.

“खुरं?” ती म्हणाली. “लोकांनी विचारलं मुलगी काय करते, तर काय सांगू? गाढवांची नखं कापते?”

“घोड्यांचीही,” भाची म्हणाली. “गाईंचीही.”

मेहुण्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो काही खाली आणला नाही. ताई मामाकडे वळली. “तू बोल ना! तू रोज तिथे होतास. सांग तिला, की हे काय खूळ आहे!”

मामाने ताईला उलट उत्तर दिल्याला साधारण पन्नास वर्षं झाली होती आणि त्या वेळी त्याला कपाटात कोंडलं गेलं होतं.

“ताई,” मामा म्हणाला, “इंजेक्शन भरताना ती घड्याळ बघते. मी बघितलंय. त्या बाईंनी कानस हातात दिली तेव्हा दोन तास कधी गेले ते तिला कळलं नाही. आणि ते गाढव, माझी छत्री खाणारं, हिच्यापुढे मुकाट पाय उचलतं. मी एकतीस वर्षं साहेब होतो. माझ्यापुढे लोक भीतीने उभे राहायचे. असं कुणी उभं राहिलं नाही.”

ताई पानावरून उठून गेली. जाता जाता मामाच्या वाटीतला रस्सा सांडला. मुद्दाम की चुकून, हे कुणी विचारलं नाही.

आठ दिवस ती लेकीशी बोलली नाही. घरात निरोप मेहुण्यांमार्फत जात. ‘तिला सांगा दूध उतू जातंय.’ तोवर दूध उतू गेलेलं असे. भाचीने फॉर्म भरला. एका पानाचा होता. पालकाची सही मेहुण्यांनी स्वयंपाकघराकडे पाठ करून केली.

रविवारी मामा आणि मामी ताईकडे गेले. भाची जमिनीवर बसून नवी कानस तेलाने पुसत होती. ताई कचेरीतून आणलेले कागद चाळत खुर्चीत बसली होती. तिने मामाकडे बघितलं नाही.  मग ताईने, नजर कागदांवरच ठेवून, एक पाय चपलेतून काढला आणि पुढे केला.

“टाच ठणकते,” ती भिंतीला सांगावं तसं म्हणाली. “तीन आठवडे झाले. डॉक्टरला वेळ कुणाला आहे.”

भाचीने कानस बाजूला ठेवली. हात पुसले. आईची टाच तळव्यावर घेतली आणि अंगठ्याने कडेकडेने दाबत गेली. एका जागी ताईने श्वास आत ओढला.

“चप्पल दाखव.”

“पाय दुखतोय, चप्पल कशाला?”

“दाखव तरी.”

भाचीने चप्पल उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली, बोटाने तळ चाचपला. “बाहेरच्या कडेला झिजलीय. तू भार सगळा बाहेर टाकतेस. दिवसभर उभी असतेस ना त्या कचेरीच्या खिडकीत? फरशीवर?”

“फरशीवरच. दुसरं काय असणार?”

“खाली जाड सतरंजी घाल. आणि ही चप्पल आजपासून बंद.” ती पुन्हा टाच चोळू लागली, हलक्या हाताने, घाई न करता.

मामाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मामीने त्याला कोपराने असं ढोसलं की ते मिटलं.

ताईने कागद मांडीवर ठेवले. लेकीच्या वाकलेल्या डोक्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली.

“कधीपासून आहे तुझं ते?” तिने विचारलं.

“पंधरा तारखेपासून.”

“हं,” ताई म्हणाली, आणि दुसराही पाय चपलेतून काढून लेकीच्या मांडीवर ठेवला.